आउटलेटला प्रेशर द्यायचं की आउटफ्लो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीत व्हॉल्व्हच्या कारखान्यात डिझाइनला असलेल्या एका तरुण इंजिनिअरनं १५० मिलिमीटरच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हचं सिम्युलेशन फ्लुएंट या प्रवाहाचं गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावलंय. पाणी, इनलेटला सेकंदाला २ मीटर वेग, व्हॉल्व्हनंतर तीन व्यास लांबीचा पाइप, त्याच्या टोकाला प्रेशर आउटलेट आणि आकडा शून्य. डिस्क अर्धवट उघडी असली की 'रिव्हर्स्ड फ्लो'ची सूचना शेवटपर्यंत येत राहते. एका सहकाऱ्यानं 'प्रिव्हेंट रिव्हर्स फ्लो'वर टिक करायला सांगितलं. सूचना गेली, पण प्रेशर ड्रॉप बदलला. दुसऱ्यानं आउटफ्लो लावायला सांगितलं, तर आकडा तिसराच आला. यातलं खरं कोणतं? शिवाय दोन पुरवण्या आहेत: पंपाला कोणतं आउटलेट द्यायचं, आणि रूमवरचा मित्र कृष्णेच्या पुराचं मॉडेल करतोय, त्यानं नदी खाली कुठे तोडायची?

तिन्हींपैकी एकही आकडा धरू नका. तुमची अडचण आउटलेटच्या प्रकाराची नाही, जागेची आहे. जागा चुकली की प्रकार बदलून चूक तीच राहते, फक्त तिचा चेहरा बदलतो, आणि तुमच्याकडे तसंच झालंय.

आउटलेट म्हणजे डोमेनची, म्हणजे सिम्युलेशनमध्ये घेतलेल्या भागाची, वेस. वेशीच्या आतलं सगळं सॉल्व्हर समीकरणं सोडवून काढतो. पलीकडे काय चाललंय हे त्याला तुम्ही सांगाल तेवढंच कळतं. तुम्ही 'गेज प्रेशर शून्य' (हवेच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब शून्य) लिहिता तेव्हा तुम्ही त्याला सांगत असता की या प्रतलावर, वरपासून खालपर्यंत आणि डावीकडून उजवीकडे, दाब सगळीकडे सारखा आहे. आउटफ्लो लावता तेव्हा सांगता की इथून पुढे वेगाचं चित्र बदलणार नाही, प्रवाह पूर्ण विकसित झालाय. दोन्ही विधानं पलीकडच्या न दिसणाऱ्या पाइपाबद्दलची आहेत. म्हणून मेनू उघडण्याआधी स्वतःला विचारायचं: या जागी मला खात्रीनं काय माहीत आहे? जे माहीत असेल ते द्यायचं. काहीच माहीत नसेल तर आउटलेट तिथून उचलून जिथे माहीत असेल तिथे न्यायचं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या फायली एवढ्यावरच सुटतात.

आता तुमचा व्हॉल्व्ह. अर्धवट उघड्या डिस्कच्या दोन्ही कडांनी पाणी जोरात निसटतं, आणि डिस्कच्या पाठीमागे भोवऱ्यांचा मोठा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात पाणी उलटं, डिस्ककडे वाहत असतं. तीन व्यासांवर पाइप कापलात तेव्हा नेमका त्या भोवऱ्याच्या पोटातून काप गेला. काही सेल्सवर (गणितासाठी केलेल्या बारीक तुकड्यांवर) पाणी बाहेर जातंय, काहींवर आत येतंय, आणि आत येणारं पाणी कुठून, किती दाबानं, किती टर्ब्युलन्स (खळबळ) घेऊन येतंय हे तुम्ही सांगितलेलं नाही. मग फ्लुएंट स्वतःचं गृहीत धरतो. तुम्ही हात लावला नसेल तर दिलेला गेज प्रेशर अशा सेल्सवर टोटल प्रेशर (स्थिर दाब अधिक वेगामुळे येणारा दाब) म्हणून वापरला जातो, पाणी प्रतलाला लंब दिशेनं आत येतं, टर्ब्युलन्स इंटेन्सिटी ५ टक्के आणि व्हिस्कॉसिटी रेशो १० धरला जातो. तुमच्या भोवऱ्याशी या आकड्यांचा काही संबंध नाही. म्हणजे तुमच्या उत्तरात थोडं पाणी असं आहे, जे सॉफ्टवेअर कंपनीच्या डिफॉल्टमधून आलंय.

सूचनेचा अर्थ एवढाच. पहिल्या शे-दोनशे इटरेशनमध्ये (गणिताच्या फेऱ्यांमध्ये) ती आली तर घाबरायचं कारण नाही, सुरुवातीचा अंदाज वाकडा असतो आणि प्रवाह बसेपर्यंत पाणी इकडेतिकडे जातंच. कन्व्हर्ज झाल्यावरही (उत्तर स्थिरावल्यावरही) ती तशीच असेल तर मात्र सॉल्व्हर तुम्हाला आउटलेटची जागा चुकल्याचं सांगतोय.

'प्रिव्हेंट रिव्हर्स फ्लो' काय करतं? ज्या फेसवरून (सेलच्या बाजूवरून) पाणी आत येऊ पाहतंय त्या फेसवर भिंत उभी करतं. सीएफएक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं 'आउटलेट' हेच करतं आणि निदान उघडपणे सांगतं की आउटलेटच्या अमुक इतक्या भागावर भिंत घातली आहे. तुमच्या पाइपाच्या टोकाला प्रत्यक्षात अर्धचंद्राकृती पत्रा वेल्ड केलेला नाही. सिम्युलेशनमध्ये मात्र आहे, आणि तो प्रेशर ड्रॉप वाढवतो. सुरुवातीचा गोंधळ आवरायला ही टिक थोडा वेळ वापरायला हरकत नाही, पण शेवटच्या उत्तरात ती चालू असलेली मी चालवून घेत नाही.

आउटफ्लोची गोष्ट वेगळी. तो दाब मागत नाही. आतल्या सेलमधून वेग बाहेर ओढतो आणि एकूण वस्तुमान जुळावं म्हणून त्यात दुरुस्ती करतो. लांब, सरळ, शांत पाइपाच्या टोकाला तो अगदी सभ्यपणे वागतो. पण भोवऱ्यात 'इथून पुढे काही बदलणार नाही' हे उघड खोटं आहे. शिवाय इनलेटला प्रेशर दिलं असेल तर तो वापरता येत नाही, दाबानुसार घनता बदलणाऱ्या वायूलाही चालत नाही. मी स्वतः तो जवळजवळ वापरत नाही, कारण त्याला जे जमतं ते योग्य जागी ठेवलेल्या प्रेशर आउटलेटलाही जमतं आणि इनलेटची मोकळीकही राहते.

तीन आकडे वेगळे का आले, हे एका साध्या हिशोबानं दिसतं. व्हॉल्व्ह बाजूला ठेवा. सेकंदाला ४ मीटर वेगाचा झोत एकदम दुप्पट क्षेत्रफळाच्या पाइपात शिरला आणि शेवटी २ मीटरवर स्थिरावला असं धरा. संवेगाच्या समीकरणानं पाण्याचा स्थिर दाब ४ किलोपास्कलनं वर चढतो आणि २ किलोपास्कल कायमचे वाया जातात. ही चढ एका क्षणात होत नाही. झोत पसरून पाइपभर होईपर्यंत, म्हणजे काही व्यासांच्या अंतरात होते. तुम्ही मध्येच कापून तिथे शून्य लिहिलंत, तर जो दाब अजून परत मिळायचा होता तो मिळालाच नाही असं धरलं गेलं. इनलेटवरचा दाब तेवढा जास्त दिसतो, प्रेशर ड्रॉप फुगतो, आणि चांगल्या व्हॉल्व्हचा सीव्ही (पाणी सोडण्याची क्षमता सांगणारा आकडा) कागदावर कमी निघतो. मग डिझाइनवाले डिस्कची जाडी कमी करत बसतात.

चाचणीचं मानकही याचसाठी जागा सांगतं. कंट्रोल व्हॉल्व्हच्या चाचणीसाठीच्या आयईसी ६०५३४ मालिकेत दाबाच्या टॅपिंग व्हॉल्व्हच्या आधी दोन व्यासांवर आणि नंतर सहा व्यासांवर घेतात. म्हणजे तुमच्या टेस्ट बेंचवरचा गेज जिथे बसतो ती जागा तुमच्या डोमेनमध्येच नाही! निदान दहा व्यास पाइप व्हॉल्व्हनंतर घ्या, डिस्क तीसेक अंशच उघडी असेल तर पंधरा. आधीच्या बाजूला इनलेटला सपाट वेग देत असाल तर तिथेही पाइप वाढवा, किंवा लांब पाइपाचं वेगळं सिम्युलेशन करून त्याचं प्रोफाइल आणून लावा. प्रेशर ड्रॉप इनलेट-आउटलेटमधला घेऊ नका. दोन आणि सहा व्यासांवर प्रतलं काढून तिथला सरासरी दाब घ्या. असं केलं की पाइप दहा व्यास घेतला काय नि वीस घेतला काय, तुलना एकाच जागेची होते. नुसता आउटलेटपर्यंतचा दाब बघत राहिलात तर घर्षणाचे दर व्यासामागे साधारण ३० पास्कल वाढत जातील (गुळगुळीत पाइप, रेनॉल्ड्स अंक ३ लाख), आणि तुम्हाला वाटेल की उत्तर अजून हलतंय.

कसोटीही हीच. आउटलेट आणखी पाच व्यास पुढे सरकवा आणि सहाव्या व्यासावरचा दाबातला फरक बघा. तो मेश (सेल्सची जाळी) बारीक केल्यानं पडणाऱ्या फरकापेक्षा कमी हलला तर आउटलेट पुरेसं लांब आहे. हलला तर नाही. मेश इंडिपेंडन्सचा तक्ता प्रत्येक रिपोर्टात असतो, पण आउटलेट सरकवून पाहिल्याचा तक्ता मला क्वचितच दिसतो. वास्तविक लांब पाइपातले सेल खालच्या दिशेनं ताणून मोठे केले की त्याचा खर्च मेश बारीक करण्यापेक्षा कितीतरी कमी.

एक गोष्ट उलटी वाटेल. सूचना अर्धवट उघड्या डिस्कला येते, पण टक्केवारीत जास्त फटका पूर्ण उघड्या डिस्कला बसतो. पूर्ण उघड्या व्हॉल्व्हचा लॉस कोइफिशंट (वेगामुळे येणाऱ्या दाबाच्या किती पट दाब वाया जातो तो आकडा) अर्धा धरला तर २ मीटर वेगाला प्रेशर ड्रॉप फक्त १ किलोपास्कल. आउटलेटमुळे २०० पास्कलची गडबड झाली तर ती २० टक्के आहे, आणि स्क्रीनवर एकही सूचना येणार नाही. म्हणून सूचना येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

लांब पाइप देऊनही आउटलेट एल्बोच्या लगेच नंतर ठेवू नका. वळणावर बाहेरच्या भिंतीशी दाब जास्त आणि आतल्या भिंतीशी कमी असतो. तुमच्याच पाइपाला दीड व्यास त्रिज्येचा एल्बो असेल तर २ मीटर वेगाला हा फरक ढोबळमानानं २.७ किलोपास्कल भरतो, म्हणजे वर सांगितलेल्या पूर्ण उघड्या व्हॉल्व्हच्या प्रेशर ड्रॉपच्या अडीचपटीहून जास्त. वळणाच्या तोंडाशी 'सगळीकडे शून्य' लिहिलं की हा उतार जबरदस्तीनं पुसला जातो. जागेअभावी तिथेच कापावं लागलं तर सगळीकडे एकच दाब न लादता सरासरी दाब शून्य ठेवणारा पर्याय घ्या. तो फ्लुएंटमध्येही आहे आणि सीएफएक्समध्येही. पंपाच्या किंवा पंख्याच्या मागे गोल फिरत येणाऱ्या प्रवाहाला रेडियल इक्विलिब्रियमचा पर्याय असतो, त्यात फिरण्यामुळे येणारा दाबाचा उतार मोजून बसवला जातो.

आता ओपनफोम हे तिसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी. तिथे दाबाला फिक्स्डव्हॅल्यू (ठरलेला आकडा) आणि वेगाला झिरोग्रेडियंट (बाहेर पडताना बदल शून्य) ही शाळेतली जोडी आहे. पाणी उलटं यायची शक्यता असली की वेगाला प्रेशरइनलेटआउटलेटव्हेलॉसिटी किंवा इनलेटआउटलेट, आणि टर्ब्युलन्सच्या राशींना इनलेटआउटलेट द्या. इनलेटआउटलेटमध्ये पाणी बाहेर जाताना झिरोग्रेडियंट लागतो, आत येताना तुम्ही दिलेला आकडा. तो आकडा शून्य ठेवून वेगाला लावलात तर तीसुद्धा फेसवरची भिंतच झाली, फक्त नाव वेगळं. आणखी एक, इनकम्प्रेसिबल सॉल्व्हरमध्ये तिथला दाब घनतेनं भागलेला असतो. पाण्यात त्याला हजारानं गुणल्याशिवाय पास्कल मिळत नाहीत. नवीन मुलं इथे हटकून अडकतात.

आता प्रश्न उरतो की शून्यच का. घनता न बदलणाऱ्या प्रवाहात समीकरणांमध्ये फक्त दाबाचा उतार येतो, दाबाची पातळी येत नाही. शून्य द्या, एक लाख द्या, वेग तोच राहील. पण कॅव्हिटेशनचं (दाब उतरून पाण्याची वाफ होण्याचं) मॉडेल चालू केलंत की ही चैन संपते. पाण्याची वाफ २५ अंशांना निरपेक्ष ३.२ किलोपास्कलच्या आसपास होते, आणि तुमचा दाब तिथवर उतरतो की नाही हे आउटलेटच्या निरपेक्ष दाबावर ठरतं. सॉफ्टवेअरमध्ये ऑपरेटिंग प्रेशर १०१३२५ पास्कल भरलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. सांगली साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या जवळपास असतो. फरक सहा किलोपास्कलचा, म्हणजे पाण्याच्या सुमारे ६० ते ६५ सेंटिमीटरचा. महाबळेश्वरच्या पाणीयोजनेवर बसणारा पंप असेल तर तिथली उंची १३०० मीटरच्या वर आहे, फरक आणखी वाढतो. एनपीएसएचच्या, म्हणजे पंपाच्या तोंडाशी वाफ होऊ नये म्हणून लागणाऱ्या दाबाच्या, हिशोबात अर्धा मीटरही भांडण लावू शकतो.

पंपाचं उत्तर इथूनच निघतं. पंपावर तुम्हाला खात्रीनं काय माहीत असतं? सम्पमधली (पंप ज्या टाकीतून पाणी ओढतो तिच्यातली) पाण्याची पातळी, म्हणजे इनलेटचा टोटल प्रेशर. आणि कोणत्या डिस्चार्जला (सेकंदाला निघणाऱ्या पाण्याला) हेड (पंप पाणी किती उंच चढवतो ते) काढायचं तो डिस्चार्ज. म्हणून इनलेटला टोटल प्रेशर, आउटलेटला मास फ्लो. हेड हे उत्तर आहे, ते आउटलेटला लिहून टाकलं तर सिम्युलेशन करायचंच कशाला? दुसरं कारण व्यवहाराचं आहे. बऱ्याच सेंट्रिफ्यूगल पंपांचं हेड-डिस्चार्जचं वक्र शटऑफच्या (प्रवाह शून्याच्या) बाजूला जवळजवळ सपाट असतं. तिथे दाब किंचित बदलला की डिस्चार्ज खूप हलतो, आणि वक्राला मध्ये थोडा कुबड असेल तर एकाच हेडला दोन डिस्चार्ज निघतात. आउटलेटला दाब देऊन बसलात तर सॉल्व्हर त्या दोघांमध्ये झुलत राहतो. डिस्चार्ज दिलात तर दर डिस्चार्जला एकच हेड असतं, त्यामुळे तो गप बसतो. किर्लोस्करवाडीपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत या पट्ट्यात पंपाशी संबंध असलेल्यांची कमी नाही. टेस्ट बेंचवर डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू आवळत वक्र काढताना कुणाला पाहिलं असेल तर हे वेगळं सांगावं लागत नाही.

दोन्हीकडे मास फ्लो देऊ नका. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले तरी दाबाची पातळी कुठे बांधलेलीच राहत नाही, आणि नाही जुळले तर वस्तुमान कुठेतरी साठत किंवा आटत जातं. व्होल्यूटच्या (पंपाच्या गोगलगायीसारख्या आवरणाच्या) फ्लँजवरच आउटलेट ठेवू नका, तिथे पाणी अजून फिरत असतं. पाचेक व्यास पाइप जोडा आणि हेड फ्लँजवरच्या प्रतलावर मोजा.

किती गोष्टी द्यायच्या यालाही नियम आहे, तो आवडीनिवडीवर नाही. आउटलेटवर माहिती कोणत्या दिशेनं धावते त्यावर तो ठरतो. हवेचा वेग ध्वनीपेक्षा कमी असेल तर दाबाची लाट प्रवाहाविरुद्ध वर येऊ शकते, म्हणून बाहेरच्या जगाकडून एक गोष्ट घ्यावी लागते आणि ती बहुधा दाब असते. त्रिमितीतल्या पाच राशींपैकी उरलेल्या चार आतून येतात. वेग ध्वनीपेक्षा जास्त असेल तर काहीच वर येत नाही. पाचही आतून घ्यायच्या. अशा नोझलच्या तोंडाशी दाब लिहिलात तरी फ्लुएंट त्याकडे दुर्लक्ष करतो, आणि ते बरोबरच आहे.

हाच नियम मोकळ्या पाण्याला फ्राउड अंकानं (पाण्याचा वेग भागिले पृष्ठावरच्या लाटेचा वेग) लागतो. आपल्याकडे नदीनाल्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे जागोजागी आहेत. बंधाऱ्यावरून उडी घेतलेलं पाणी पायथ्याशी ३० सेंटिमीटर खोल आणि सेकंदाला ४ मीटर वेगानं धावत असेल तर फ्राउड अंक २.३ येतो. तिथे डोमेन तोडलंत तर खाली पातळी द्यायची गरजच नाही. पण पुढे पाणी उसळी मारून शांत होतं, सुमारे ८५ सेंटिमीटर खोल आणि १.४ मीटर वेग, फ्राउड अंक ०.५च्या आसपास. तिथे तोडलंत तर टेलवॉटरची (खालच्या बाजूच्या पाण्याची) पातळी द्यावीच लागेल, आणि उसळी कुठे बसेल हे तीच पातळी ठरवेल. उसळीच्या मधोमध तोडणारेही असतात. त्यांच्याकडे रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) कधीच खाली येत नाहीत, आणि दोष ते मेशला देतात.

मित्राला हेच सांगा. पुरात कृष्णेचा उतार मंद, प्रवाह सबक्रिटिकल, म्हणजे फ्राउड अंक एकाच्या खाली. सांगलीच्या आयर्विन पुलाखालची पातळी वरून येणाऱ्या पाण्याइतकीच खालून दाटलेल्या पाण्यावर ठरते. पुलाच्या खाली थोड्याच अंतरावर हरिपूरला वारणा मिळते, पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्यानं मॉडेल सांगलीच्या घाटाशी किंवा हरिपूरच्या आधी तोडलं आणि खाली 'नॉर्मल डेप्थ' (उतार आणि विसर्गावरून निघणारी खोली) लिहिली, तर वारणेला पूर असो वा नसो, त्याची कृष्णा एकाच पातळीनं वाहील. हे सांगलीत राहणाऱ्या कुणालाही पटणार नाही. पुलावर इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा पुराला दहा-पाच सेंटिमीटरचा फरक कोण बघतो असं वाटेल, पण सपाट गावठाणात तेवढ्यात अख्खी गल्ली आत-बाहेर होते.

मग तोडायचं कुठे? दाटलेल्या पाण्याचा प्रभाव वर किती लांब जातो याचा ढोबळ अंदाज ०.७ गुणिले खोली भागिले उतार असा काढतात. समजा खोली १० मीटर आणि उतार पाच हजारात एक, तर ३५ किलोमीटर येतात. म्हणजे ज्या जागेचं उत्तर हवंय तिच्याखाली तेवढं अंतर घेतलं तर खालच्या टोकाला थोडी चूक झाली तरी वर येईपर्यंत ती विरून जाते. तेवढी लांबी घेणं झेपत नसेल तर जिथे पातळीची नोंद घेतली जाते अशा ठाण्यावर तोडायचं आणि नोंदलेली पातळी वेळेनुसार द्यायची. वारणा आणि पंचगंगा दोन्ही डोमेनच्या आत, स्वतःच्या विसर्गासह आल्या पाहिजेत. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे इथला पूर वाढतो का, हा वाद मी इथे उघडत नाही, त्यावर चहाच्या टपरीवर पुरेसं बोललं जातं. पण त्याबद्दल मॉडेलच्या आधारानं कुणी काहीही सिद्ध केल्याचं सांगितलं, तर पहिला प्रश्न एकच विचारायचा: तुमचं खालचं टोक कुठे होतं आणि तिथे तुम्ही काय लिहिलं होतं? पातळी तिथे तुम्हीच लिहिली असेल तर वरचं बरंचसं उत्तरही तुम्हीच लिहिलंय.

एकापेक्षा जास्त आउटलेट असले की हीच गफलत दुसऱ्या वेशात येते. द्राक्षबागेच्या ठिबकचं मॅनिफोल्ड (फाटे फुटणारा मुख्य पाइप) घ्या. तासगावकडची मंडळी असली कामं घेऊन येतात, शेवटच्या ओळीला पाणी कमी का पडतं म्हणून. प्रत्येक फाट्याच्या तोंडाला शून्य दाब लिहिला की पाण्याची वाटणी फक्त तुम्ही काढलेल्या मॅनिफोल्डच्या आकारावर ठरते. प्रत्यक्षात ती मुख्यतः पुढच्या लॅटरलवर (ओळीतल्या नळीवर) आणि ड्रिपरवर ठरते, कारण खरा अडथळा तिथे आहे. आउटफ्लो लावून वाटणीचं प्रमाण दिलंत तर जो प्रश्न होता त्याचं उत्तर तुम्हीच भरलंत. योग्य मार्ग मधला आहे. प्रत्येक तोंडाला पुढच्या अडथळ्याचा नियम द्या, म्हणजे दाब आणि प्रवाहाचं नातं. साध्या ड्रिपरमधून जाणारं पाणी साधारण दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपरचं दाबाच्या एका टप्प्यात जवळजवळ बदलतच नाही. फ्लुएंटमध्ये आउटलेट व्हेंटला लॉस कोइफिशंट देता येतो, नाहीतर छोटी यूडीएफ (फ्लुएंटला जोडायचा स्वतःचा कोड) लिहा. असं केलं की शेवटच्या ओळीची तक्रार मॅनिफोल्डमुळे आहे की लॅटरलच्या लांबीमुळे हे वेगळं काढता येतं.

बेदाण्याच्या शेडचं काम कधी आलं तर तिथे आउटलेट शेडच्या उघड्या बाजूवर ठेवण्याचा मोह होईल. ठेवू नका. वारा एकाच बाजूच्या खालच्या अर्ध्यातून आत आणि वरच्या अर्ध्यातून बाहेर जाऊ शकतो, त्या बाजूवर दाब काय आहे हे कुणालाच माहीत नाही. शेडभोवतीची मोकळी हवा डोमेनमध्ये घ्या. इमारतींभोवतीच्या वाऱ्याच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांमध्ये वाऱ्याच्या खालच्या बाजूला उंचीच्या १५ पट अंतर सांगितलंय; ४ मीटरच्या शेडला ६० मीटर. वर आणि बाजूंना ५ पट पुरतं.

काळानुसार बदलणारा, त्यातही कम्प्रेसिबल प्रवाह असेल तर आणखी एक भानगड. ठरावीक दाब लिहिलेलं आउटलेट दाबाच्या लाटेला आरशासारखं परत पाठवतं. एक मीटरच्या सायलेन्सरमध्ये लाट जाऊन परत यायला सहा मिलिसेकंद लागतात, आणि मग तुम्हाला एक सुंदर वारंवारता दिसते जी सायलेन्सरची नसून तुमच्या डोमेनच्या लांबीची असते. त्यासाठी नॉन-रिफ्लेक्टिंग आउटलेट असतं; मागचं गणित पॉइन्सो आणि लेले यांनी १९९२ मध्ये नीट मांडलं. ओपनफोममध्ये वेव्हट्रान्समिसिव्ह नावानं त्याचा सोपा अवतार मिळतो. पाण्यातले भोवरे एकामागून एक आउटलेट ओलांडत असतील तर १९७६ मध्ये ऑर्लान्स्कीनं मांडलेली संवहनी अट बरी: राशी जशी येते तशी ठरावीक वेगानं बाहेर जाऊ द्यायची. तुमचा व्हॉल्व्ह स्टेडी आहे, तुम्हाला यातलं आत्ता काही लागणार नाही. मात्र डिस्कच्या मागचे भोवरे सुटत राहून रेसिड्युअल ठरावीक पातळीवर डोलत राहिले तर सिम्युलेशन ट्रान्झियंट (काळानुसार बदलणारं) करून सरासरी घ्या. तो दोष आउटलेटचा नसेल.

तर तुमच्या फायलीत आता एवढंच करा. पाइप व्हॉल्व्हनंतर १५ व्यास, शेवटी प्रेशर आउटलेट, शून्य. प्रिव्हेंट रिव्हर्स फ्लो बंद. बॅकफ्लो टर्ब्युलन्सचे आकडे इनलेटच्या जवळपासचे भरा, वापरले जाणार नाहीत पण सुरुवातीला त्रास कमी होतो. गुरुत्वाकर्षण चालू केलं असेल आणि पाइप आडवा असेल तर ते बंद करा. घनता एकच असताना ते आउटलेटवर नसता दाबाचा उतार मागतं आणि बदल्यात काही देत नाही. मग ३०, ५० आणि ९० अंशांवर चालवा, प्रत्येकाचा दाबातला फरक दोन आणि सहा व्यासांवर घ्या, आणि ३० व ९० अंशांच्या केस पाइप २० व्यासांचा करून परत चालवा. ९० अंशांचा आकडा बेंचशी जुळला आणि ३०चा नाही जुळला तर टर्ब्युलन्स मॉडेलकडे वळा. केसोबत आउटलेटचे वेगाचे काँटूर पाठवलेत तर पुढचं तेव्हा बघू. सूचनांचा स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यातून काहीच कळत नाही.